प्रेशरबाईचा पाहुणचार

प्रेशरबाईसमोर खुर्चीत बसलं की बोलायला बंदी होती. पाठ टेकवायची, दोन्ही पाय जमिनीला लावायचे, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाच मिनिटं तोंड मिटून बसायचं. त्यानंतरच ती दंडाला पट्टा बांधायची. आपल्याकडच्या बायकांना एक वेळ कडक उपास जमेल, पण चार ओळखीच्या बायका समोर असताना गप्प बसणं जमत नाही. कुणी मध्येच ‘सून आली काय गो माहेरून?’ असं विचारलं की प्रेशरबाई ओठांवर बोट ठेवायची, मनगटावरच्या घड्याळाकडे बघायची आणि पाच मिनिटं पहिल्यापासून सुरू करायची. मराठीतले तिने पहिल्यांदा शिकलेले शब्द होते ‘पाय खाली’ आणि ‘गप’.

मुलांनो, तुम्ही राहता त्या देशातूनच ती इथे आली होती, म्हणून तिची हकीकत तुम्हाला ठाऊक असायला हवी. तुम्ही तेव्हा लहान होतात. व्हिडिओ कॉलवर कधीतरी माझ्या मागच्या जिन्यावरून उतरताना तिला पाहिलंही असेल. उंच, डोक्यावर अगदी बारीक कापलेले पांढरे केस, अंगात पेणच्या बाजारातून घेतलेला सुती कुडता. मुंबईच्या एका वैद्यकीय संस्थेबरोबर तिचं काम होतं. रायगडातल्या गावांत बायकांचा रक्तदाब तपासायचा होता आणि तिला राहायला जागा हवी होती, शिवाय इंग्रजीचं मराठी करणारं माणूस हवं होतं. रामवाडीतल्या आपल्या घराची वरची खोली रिकामी होती, आणि इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली मी खाली रिकामीच होते. दोन्ही सोयी एका घरात झाल्या.

ती स्वतःला ‘ब्लॅक’ म्हणायची आणि मीही तसंच म्हणावं, आढेवेढे घेऊ नयेत, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. तिच्या देशात ब्लॅक बायकांना रक्तदाबाचा विकार इतरांपेक्षा जास्त होतो आणि लवकर होतो. तो का होतो आणि औषधं असूनही आटोक्यात का राहत नाही, हे शोधण्यात तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती. आता तिला राबणाऱ्या इतर बायकांशी ते ताडून पाहायचं होतं. ‘रक्तातच असतं त्यांच्या’ असं कुणी म्हटलं की मात्र तिचा आवाज बदलायचा. “रक्तात आहे म्हटलं की पुढे काही विचारायलाच नको,” ती म्हणायची. “ती किती वाजता उठते, कुणाकुणाचं करते, दिवसभरात कुणाचं ऐकून घेते आणि दवाखान्यात तिचं कोण ऐकतं, सगळे प्रश्न मिटले.”

म्हणून ती प्रत्येकीला एक प्रश्न न चुकता विचारायची: दिवसभरात तू बसतेस कधी? बायका हसायच्या. धाटावच्या कंपनीत कामाला जाणारी सुगंधा म्हणाली, “बसते की. कंपनीच्या बसमध्ये. जागा गावली तर.” मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा प्रेशरबाई हसली नाही. तिने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

तिच्या कापडी पिशवीत दंडाला बांधायचे पट्टे तीन मापांचे असायचे. वाडीवरच्या कातकरी बायकांच्या काटकुळ्या दंडांना लहान, भरलेल्या दंडांना मोठा. चुकीच्या पट्ट्याने प्रेशर घेणारा डॉक्टर तिच्या लेखी डॉक्टरच नव्हता. एकदा मी म्हटलं, जरा इकडेतिकडे झालं तर एवढं काय बिघडतं? ती पट्ट्याची घडी घालत म्हणाली, “माझ्या आईचा दंड जाड होता. दवाखान्यातला पट्टा पुरायचा नाही. नर्स म्हणायची, राहू दे, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी आईला स्ट्रेचरवरून आणलं. डावी बाजू गेली होती. नंतर ती फार दिवस राहिली नाही.”

भाषांतराच्या बाबतीत तिचा एकच नियम होता, गाळायचं नाही. पहिल्याच गावात एका म्हातारीने विचारलं, “अमेरिकेची म्हणता, मग ही गोरी कशी नाय?” मी घुटमळले. प्रेशरबाईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाई, गाळू नकोस.” मला ती ‘बाई’च म्हणायची, बायका म्हणायच्या ते ऐकून. मी सांगितलं. तिने आपला हात म्हातारीच्या हाताशेजारी धरला. दोन्ही हातांच्या रंगात फारसा फरक नव्हता. म्हातारीच मग खुदकन हसली.

तिला एकच मोह होता, पेणचे पोह्याचे पापड. मी तळायला घेतले की ती जिन्यावरून उतरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, पण खायची नाही. “वास घ्यायला मीठ लागत नाही,” म्हणायची. मला वाटायचं, जगाला सांगते तसं स्वतः वागते. यापलीकडे मी कधी विचारलं नाही.

आता जैतूनचाची. रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठच्या एका गावात ती राहते. तिचा मुलगा माझा विद्यार्थी, आता कुवेतला असतो. तिची पडवी ऐसपैस, मुलाने घेऊन दिलेल्या खुर्च्या भरपूर, म्हणून तपासणी तिथेच ठेवली होती. सगळ्या गावात प्रेशरची गोळी नियमित चालू असलेली ती एकटी. गोळ्यांची डबी मुलगा तिकडून पाठवायचा. पहिल्या खेपेला बऱ्याच बायकांचं प्रेशर वाढलेलं निघालं. प्रेशरबाईचा चेहरा आकड्यागणिक गंभीर होत गेला. तपासणी संपल्यावर जैतूनचाचीने ताटं मांडली. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, तळलेले सुके बोंबील, कैरीचं लोणचं. प्रेशरबाईने भाकरीचा एक तुकडा कोरडाच खाल्ला, पाणी प्यायली आणि हात जोडले. भूक नाही असं सांगायला लावलं. ते भरलेलं ताट जैतूनचाची आत नेईपर्यंत बघत होती.

महिनाभराने आम्ही पुन्हा गेलो. या वेळी नवलच झालं. एकेकीचं प्रेशर असं उतरलेलं, जणू मधल्या काळात कुणी जादू केली. पहिल्या दोघीतिघींना प्रेशरबाईने आनंदाने शाबासकी दिली. मग तिचा हात मंदावला. सरकारी दवाखान्यात तर यांतल्या फारशा कुणी गेल्या नव्हत्या. तिने यंत्र माझ्यावर लावून पाहिलं. माझं नेहमीसारखंच आलं, म्हणजे यंत्र ठीक होतं. शेवटी जैतूनचाची खुर्चीत बसली. वरचा आकडा दोनशेच्या घरात. थांबून पुन्हा घेतलं, तरी तेच.

जिला गोळी चालू, तिचंच वाढलेलं.

“चाची, गोळी घेता ना?” मी विचारलं.

“घेते की.”

मागून सुगंधा पदर तोंडाला लावून म्हणाली, “सांग ना गो चाची. बाईंपासून काय लपवायचा?”

जैतूनचाचीने ओढणी सारखी केली. “वाटल्या,” ती म्हणाली. “आठ दिस झाले. रोज सकाळी सगळ्यांना एकेक.”

“आणि तुम्ही?”

“डबी सरली. माझा तर हिने बघितलाच व्हता. आता पोर पाठवील.”

“पण वाटल्या कशाला?”

“गेल्या खेपेला आमचा प्रेशर बघून तिचा तोंड उतरला. जेवली नाय. माझ्या दारातून पाहुणी उपाशी गेली, बाई. असा आमच्या घरात कधी झाला नाय. मी यांना बोलले, या खेपेला सगळ्यांचा नीट यायला पायजे, मंग ती जेवील.”

यांतल्या एकीला तर प्रेशर नव्हतंच. ती बिचारी आठवडाभर चक्कर येते म्हणून भिंत धरून चालत होती, तरी रोज सकाळी गोळी घ्यायला हजर.

मी सगळं सांगितलं, काही न गाळता. प्रेशरबाई शेजारच्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, “तिला सांग, तुमच्या प्रेशरमुळे नाही. सुकी मासळी आणि लोणचं मला चालत नाही. मलाही प्रेशर आहे. कुणाच्या घरी बसून मीठ जास्त आहे म्हणू नये असं माझ्या आईने शिकवलं होतं, म्हणून भूक नाही म्हणाले.”

हे मलाही नवीन होतं.

“आणि हेही सांग, की आत्ताच्या आत्ता रोह्याला दवाखान्यात जायचं.”

“जेवून जाऊ,” जैतूनचाची म्हणाली. “कोंबडी केलीय.”

“आत्ता. एवढ्या आकड्याला थांबून चालत नाही.”

“दोन घास खा, मंग कुठं न्यायचा तिथं ने.”

“माझी आई चर्चच्या स्वयंपाकघरात हेच म्हणायची,” प्रेशरबाई म्हणाली. “लोकांचं जेवण आटपू दे, मग डॉक्टरकडे जाते.” मी ते मराठीत सांगितलं.

जैतूनचाचीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “नि हिचा कोण बघतो?” तिने मला विचारलं.

“काय?”

“प्रेशर. आमचा ही बघते. हिचा कोण?”

जैतूनचाची उठली आणि तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “पाय खाली,” ती म्हणाली. “गप.”

हसू फुटलं खरं, पण पुढची पाच मिनिटं त्या पडवीत पहिल्यांदाच कुणी बोललं नाही. पाहून पाहून मला पट्टा बांधायला येत होता. मोठ्या मापाचा घेतला. आकडा चांगला नव्हता.

“गोळी खाल्लीस काय?” जैतूनचाचीचा प्रश्न.

प्रेशरबाई माझ्याकडे वळली. “सांग की त्या गोळीने सारखं लघवीला जावं लागतं. गावोगाव फिरायचं असलं की मी घेत नाही.”

मी सांगितलं. त्यावर सुगंधा म्हणाली, “आम्ही शिफ्टला पाणी पीत नाय, ते त्यापायीच की.” दुसरी म्हणाली, “मी तर एसटीत बसायचा असला की चहा पण नाय घेत.” मग प्रत्येकीने आपापलं सांगितलं. एवढी शिकलेली, विमानाने आलेली बाई आपल्यासारखीच अडते, याचं त्यांना कोण समाधान वाटलं.

जैतूनचाची काही हसत नव्हती. “ती दवाखान्यात स्वतःला दाखवणार असल तर मी चलते,” ती म्हणाली. “नायतर नाय.”

दोघी एकाच रिक्षात बसल्या, मधे मी. दवाखान्यात जैतूनचाचीला संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवलं आणि प्रेशर हळूहळू खाली आणलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आजच आलात. सुगंधाने पाठोपाठ डबा पाठवला होता. कोंबडी नव्हती, नुसती भाताची पेज, मीठ न घातलेली. दोघींनी खाटेवर बसून ती एकाच डब्यातून खाल्ली.

“चव नाय,” जैतूनचाची म्हणाली.

“नाही,” प्रेशरबाई मराठीत म्हणाली, आणि दोघी खात राहिल्या.

त्या दिवसाचे सगळे आकडे प्रेशरबाईला बाद करावे लागले. मुंबईचे सहकारी हळहळले. ती त्या रात्री जेवताना मला म्हणाली, “इतकी वर्षं मी विचारत होते, औषध हाताशी असून बायका घेत का नाहीत. घेतात की. दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून घेतात.” तिने आपल्या अहवालात तेच लिहिलं, पाहुणचारासकट. शिवाय गोळी वाटून घ्यायची नसते, ज्याची त्याने घ्यायची असते, हे गावोगाव सांगायचं काम तिने माझ्यामागे लावून दिलं. अजून ते करते आहे.

ती परत गेल्यावर दर शुक्रवारी जैतूनचाची सुनेच्या फोनवरून तिला व्हिडिओ कॉल करायची. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी येत नाही. त्यामुळे संभाषण ठरलेलं. “खाल्लीस?” “खाल्ली. तू?” “खाल्ली.” मग दोघी थोडा वेळ एकमेकींकडे बघायच्या आणि फोन ठेवायच्या. मी एकदोनदा तिथे होते, पण भाषांतराला काही उरलंच नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात फोन उचलला जाईना. मग तिच्या भाचीची मला मेल आली. प्रेशरबाई गेली होती. ही बातमी फोनवर सांगायची नव्हती, म्हणून मी रोह्याला गेले. जैतूनचाची पडवीत तांदूळ निवडत होती. मी सांगितलं तेव्हा तिचा हात सुपातच राहिला. मग तिने विचारलं, “काय झाला व्हता? प्रेशर?”

“नाही,” मी म्हणाले. “कॅन्सर होता, उशिरा कळला. प्रेशर शेवटपर्यंत ताब्यात होतं, असं भाचीने लिहिलंय.”

तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“म्हंजे खरंच खायची,” ती म्हणाली. “मला वाटायचा, माझा मन राखायला बोलते.”