वाकलेल्या माणसाचं माप

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, शिवणकाम केलं. तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. तयार कपड्यांची दुकानं आली आणि गणवेश गेले, तेव्हापासून पुढच्या खोलीतलं त्यांचं मशीन झाकलेलंच असायचं. त्या कुणाला काही बोलायच्या नाहीत. मी सकाळच्या प्रार्थनेत देवाकडे त्यांच्यासाठी काम मागायचे.

आलं ते सायकल शर्यतीचं. टीव्हीवाल्यांना सायकलपटूंच्या छातीवर काडेपेटीएवढा कॅमेरा बसवायचा होता, म्हणजे त्यांना समोर दिसतं तेच आपल्याला घरबसल्या दिसावं. पट्टा काचतो, म्हणून खिसा असलेली घट्ट बनियन हवी होती. नमुना पसंत पडला तर पुढचं सगळं काम वन्संचं.

वन्संनी एका सायकलपटूला ताठ उभं केलं, टेप लावली आणि अशी बनियन शिवली की हात फिरवला तरी शिवण लागू नये. चाचणीला टीव्हीवाला लहानसा पडदा घेऊन घरीच आला. सायकलपटूने गल्लीत फेरी मारली, आम्ही सगळे पडद्यात डोकं घालून. दिसलं काय, तर पुढचं चाक. फेरीभर नुसतं चाक.

"ताई, चाकच बघायचं तर मी माझी सायकल उलटी करून ठेवतो की," आमचे हे म्हणाले.

"तू गप रे. पंक्चर काढता येत नाही आणि निघालाय सायकल उलटी करायला."

टीव्हीवाला मात्र हसला नाही. "मावशी, शर्यत परवा आहे. उद्यापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर पट्टेच वापरू."

तो गेल्यावर वन्सं एकदम म्हणाल्या, "अगं, मी उभ्या माणसाचं माप घेतलं! हा तर दिवसभर वाकलेला असणार." आणि सायकलपटूला हाक मारली, "सायकल आत आण."

"चाकाला चिखल आहे, मावशी."

"पुसू आम्ही."

पुसणार कोण ते मला ठाऊक होतं. मी मागून सायकल धरली, तो हँडलवर ओणवा झाला आणि वन्संनी जमिनीवर बसून पुन्हा माप घेतलं. जुन्या कोटाच्या खांद्यातली कापसाची गादी उसवून त्यांनी ती खिशामागे घातली, जाड कड खाली, म्हणजे कॅमेऱ्याने मान वर करावी. तीनदा उसवलं, तीनदा शिवलं. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत पडद्यावर रस्ता दिसला, वळणसुद्धा.

शर्यत आम्ही घरीच पाहिली. शेवटपर्यंत चित्र छान होतं. आमचा सायकलपटू जिंकला, दोन्ही हात वर करून ताठ झाला आणि टीव्हीभर नुसतं आभाळ.

"गेलं," वन्सं म्हणाल्या. "ताठ झाल्यावर काय दिसेल, याचा विचारच केला नाही मी." मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं.

अर्ध्या तासाने टीव्हीवाल्याचा फोन आला. "मावशी, पुढच्या शर्यतीला आठ बनियन हव्यात."

"अहो, पण ते आभाळ?"

"शेवटची रेषा ओलांडली की आम्ही रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र लावतो. आज एक क्षण उशीर झाला, चूक आमची. तुम्ही गादी तेवढी हलवू नका."

वन्संनी फोन ठेवला. मी हात जोडले, तोवर त्या पुन्हा नंबर फिरवत होत्या. "थांब गं. आठांत कुणी फार ओणवा होऊन चालवणारा आहे का, ते विचारायचंच राहिलं."