मागचं चाक

माझं काम पट्टीचं होतं. मशीनच्या चारी बाजूंना खुंट ठोकून लाल-पांढरी पट्टी बांधायची आणि मशीन चालू असेपर्यंत आत कोणाला येऊ द्यायचं नाही. शिकवायला नागपूरहून आलेले मास्तर पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बाई, आत कोणी दिसलं तर ते तुमच्यामुळे आत आलं असं मी धरीन." मी मान हलवली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा गळा आवळतो, म्हणून मान हलवायचीच सवय लागली आहे.

चंद्रपूरहून मूल गावाकडे जाताना एका ठेकेदाराचं यार्ड होतं. पाइप, पत्रे, फरशीचे गठ्ठे. मी तिथे झाडलोट करायची, पाणी भरायची. घरधनी हमाली करायचे. ओझी उचलून त्यांची कंबर गेली होती. सकाळी भिंत धरून उठायचे. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं, पण ओझं सोडून दुसरं काम यार्डात नव्हतं.

मग ती मशीन आली. धड ट्रॅक्टरसारखं, आणि वर एक लोखंडी हात, तो आतून निघत निघत लांब व्हायचा. टोकाला दोन काटे. मास्तर तिला टेलिहँडलर म्हणायचे, आम्ही सोंडवाली म्हणायचो. ठेकेदाराने चार जण शिकायला निवडले. घरधन्यांना ट्रॅक्टर येत होता म्हणून त्यांचंही नाव आलं, आणि पट्टी सांभाळायला मला लावलं. सहा दिवस शिकवणी, सातव्या दिवशी परीक्षा, पास होईल त्याला मशीन चालवायचं कार्ड. कार्ड मिळालं तर खुर्चीत बसून काम. नाही मिळालं तर पुन्हा खांद्यावर पाइप.

मास्तरांचं शिकवणं मला आवडायचं. त्यांनी माझ्याकडून पाण्याची बादली मागून घेतली आणि चौघांना एकेक करून धरायला लावली. आधी पोटाशी, मग हात लांब करून. हात लांब केला की सगळ्यांचे खांदे थरथरायचे. "सोंड लांब, तर वजन कमी," मास्तर म्हणाले. "जास्त लांबवाल तर मागचं चाक उचलेल. उचललं की आधी सोंड आत. बाकी काही नाही." सोंड किती लांबवली तर किती वजन चालतं, त्याचा तक्ता काचेजवळ चिकटवला होता. त्यातलं इंग्रजी आम्हा दोघांना येत नव्हतं. पण आकडे मास्तरांनी वाचून दाखवले, ते मी मराठीत आमच्या भिंतीवर खडूने लिहून काढले. मला चौथीपर्यंतची शाळा, त्यांना त्याहून कमी. संध्याकाळी भाकरी टाकता टाकता मी विचारायची, ते सांगायचे. चुकले की म्हणायचे, "तूच बस ना मंग मशीनवर."

शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी यार्डाचा मुकादम पट्टी उचलून सरळ आत शिरला. मी पुढे होऊन त्याच्या वाटेत उभी राहिले.

"काऊन वं, मले अडवून राह्यली का?" तो हसत म्हणाला. मी बाजूला झाले.

मास्तरांनी इंजिन बंद करायला लावलं. "भाऊ, मशीन मुकादम ओळखत नाही. बाहेर व्हा."

तेव्हापासून कोणी आलं की मी काही न बोलता दोन्ही हात आडवे पसरायची. बाकीच्या बाया म्हणायच्या, "आली बाप्पा नाक्यावरची साहेबीण! चला, टॅक्स काढा." माझे कान तापायचे, पण हात मी खाली घेत नव्हते.

परीक्षेच्या दिवशी फरशीचा गठ्ठा उचलून पाइपांच्या मचाणावर ठेवायचा होता. दोघांनी ठेवला. तिसरे घरधनी. ते वर चढून बसले, कमरेचा पट्टा लावला, काच ओढली. मी मागच्या बाजूला पट्टीजवळ उभी होते. त्यांनी मशीन मचाणापासून जरा दूरच थांबवली. मला वाटलं, आणखी पुढे घेतील. पण त्यांनी तिथूनच सोंड लांबवायला सुरुवात केली. मला भिंतीवरचा आकडा आठवला. इतक्या लांबीला इतका गठ्ठा नाही. ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात माझ्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून उठलं. वीतभर. चाकाखालून पलीकडचा उजेड दिसला.

माझं माहेर सावली तालुक्यातलं, धानाच्या शेतीचं. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, मागच्या बाजूला भारे जास्त झाले की पुढचं जू वर उठतं, बैलांच्या मानेवरून निघू पाहतं. बंडी उलार झाली म्हणतात. मग जवळ असेल त्याने धावत जाऊन पुढच्या दांडीला लटकायचं. लहानपणी ते काम माझंच. बाबा सांगायच्या आत मी लटकलेली असायची.

पट्टीखालून मी कधी गेले ते मला कळलं नाही. मागच्या लोखंडाला दोन्ही हातांनी धरून, पाय उचलून मी लटकले होते. चाक टेकलं. इंजिन थांबलं.

"बाई, सोडा. हळू मागे व्हा," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "कोणी सांगितलं तुम्हाला तिथे जायला?"

मी लोखंड सोडून दोन पावलं मागे झाले.

घरधन्यांनी काच सरकवली. "मीच बलावलं तिले," ते म्हणाले.

त्यांनी बोलावलं नव्हतं. काच लावलेली होती.

"का बोलावलं?" मास्तरांनी विचारलं.

"मांगून हलकी झाली जी. बंडी उलार झाली का आमी माणूस बसवतो."

शिकणारे हसले. "मशीनले बंडी समजला बे हा! आता बैल घेऊन ये!"

मास्तर हसले नाहीत. "बंडी उलटली तर धान सांडतं. ही उलटली असती, नाहीतर चाक बाईंच्या पायावर आलं असतं, तर? चाक टेकलं ते तुम्ही सोंड आत घेतली म्हणून. या बाईच्या वजनाने काही होत नाही. सोंड आत घेतली ते बरोबर. पण जो माणसाला जवळ बोलावतो त्याला मी कार्ड देत नाही."

चौथ्याची परीक्षा सुरू झाली. घरधनी बाजूच्या पाइपांच्या ढिगावर जाऊन बसले, कमरेवर हात ठेवून. माझ्या डोक्यात सगळं उलटसुलट झालं. जे त्यांनी केलं नाही त्यासाठी कार्ड गेलं. जे केलं ते बरोबर होतं. मग ते खोटं का बोलले? मला वाचवायला? पण मी तर वाचलेलीच होते. आणि माझ्या हाताला चाक खाली जाताना जाणवलं होतं, ते काय होतं?

दुपारी मास्तर जीपकडे निघाले. मी पाण्याचा गडू घेऊन मागे गेले. पाणी पिऊन त्यांनी गडू परत दिला, तरी मी हलले नाही.

"काय बाई?"

"मले कोनी बलावलं नाई जी," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही. "मी आपल्या मनानंच गेली."

"मग तो तसं का म्हणाला?"

"मले नाई मालूम."

मास्तर म्हणाले, "म्हणजे पट्टी सांभाळणारीच पट्टी ओलांडून गेली." मी मान हलवली.

त्यांनी घरधन्यांना पुन्हा गठ्ठा ठेवायला लावला. पट्टीवर मुकादमाला उभं केलं आणि मला पार फाटकापाशी पाठवलं. तिथून मी पाहिलं. घरधनी मशीन मचाणाच्या अगदी जवळ घेऊन गेले, मगच सोंड लांबवली. मागची चाकं हलली नाहीत. माझ्या मुठी मात्र तिथेही आवळलेल्या होत्या.

त्यांना कार्ड मिळालं. मला पट्टीवर पुन्हा उभं केलं नाही. ते बरोबरच होतं.

घरी जाताना मी विचारलं, "खोटं काऊन बोलले जी?"

"आरशात तू दिसून राह्यली होती," ते म्हणाले. "चाक उचललं तवा मनात म्हटलं, ये. तं तू आली."

मी आणखी काही विचारलं नाही. मास्तरांना मी सांगितलं होतं की मला कोणी बोलावलं नाही, आणि त्यावर त्यांनी कार्ड दिलं. मग खोटं कोण बोललं, ते की मी? पुढे किती वर्षं त्यांनी ती मशीन चालवली. मी दिसले की ते आधी सोंड आत घ्यायचे आणि हाताने खूण करायचे, लांब हो. मी लांब व्हायची.