दात बघितल्याबिगर

बारावीचे निकाल लागले की उदगीरच्या कॉलेजात कंप्युटर शिकवणारी लुबना मॅडम गावं हिंडायला लागे. म्हणायला प्राध्यापक, पण तासिका तत्त्वावरची. जेवढे तास, तेवढाच पगार. बी.एस्सी.ला पोरं आली तर वर्ग, आणि वर्ग असला तर तास. यंदा वर्ग भरत नव्हता. संस्थेचं फर्मान होतं: घरोघर जा, प्रवेश आणा, टी.सी. तिथंच ताब्यात घ्या. टी.सी. आपल्या पिशवीत आली की दुसरं कॉलेज पोर पळवू शकत नाही. शिकलेली माणसं असले उद्योग करतात!

"किधर चली फिरके?" सासू सुलतानबी उंबऱ्यातूनच ओरडली. "पढाती हय के गल्ली गल्ली बेचती हय?"

"दोनों, अम्मी," म्हणत लुबनानं देवणीची एस.टी. गाठली. सकाळच होती, तरी पायांत गोळे आले होते.

देवणीत व्यंकटच्या दारात बैलजोडी, आणि ओसरीत भिंतीला टेकून बसलेली त्याची मुलगी ऋतुजा. लातूरला राहून ती दोनदा नीटला बसली; दोन्ही वेळा डॉक्टरकी हुकली. आता घरात कुणाशी धड बोलत नव्हती.

"ह्यातून पोरगी काय होती, तेवढं सांगा," व्यंकट म्हणाला.

लुबनानं माहितीपत्रक वाचायला घेतलं. "संगणकीय विचारक्षमता असलेले, उद्योगसज्ज, जबाबदार नागरिक घडवणे, हा या पदवीचा उद्देश..." वाक्यं तिचीच, दर साली तीच उतरवायची.

"जबाबदार तर ती आत्ताबी हाय. धारा कोन काढतंय मग?"

"आन मॅडम, तुमी हेच शिकलाव न्हवं?" ऋतुजाची आई तारामती म्हणाली. "मग तुमी काय झालाव?"

"हेच शिकवते."

"म्हंजी घान्याचा बैल. गोल गोल."

लुबना हसली. हसायलाही ताकद लागते. तिनं पत्रक मिटलं. "ताई, नोकरी लागेलच असं नाही. काहींना लागते, पुण्यात, हैदराबादला. पण एक गोष्ट शिकता येते. मोठ्या कामाचे बारके तुकडे करायचे आणि एकेक तुकडा यंत्राला नीट सांगायचा. यंत्र काही मनकवडं नसतं. चुकलं की ते म्हणतं, ह्या ओळीत बघ. आपण बघायचं, दुरुस्त करायचं, परत चालवायचं."

ऋतुजानं मान वर केली. "चुकलं की मार्क कापत न्हाईत?"

"नाही."

"कितीबी डाव चुकलं तरी?"

"कितीही."

व्यंकटनं आतून टी.सी. आणली. "घ्या. मॅडम खरं बोलायल्यात."

लुबनाचा हात पुढं झाला. एवढा एक प्रवेश मिळाला तर वर्ग टिकणार होता. पण तारामतीनं नवऱ्याच्या हातातून कागद काढून घेतला.

"अवो, बैल घेताना दात बघताव. औताला जुंपून बघताव. आन पोरीचं कॉलेज बघितल्याबिगर कागद देताव व्हय? उद्या आमी दोघी येताव, मॅडम. ती मशीन चालवून बघू द्या. मग."

"या," लुबना म्हणून तर गेली. तिच्या कॉलेजात लॅबला कुलूप असे. पोरं प्रोग्रॅम वहीत उतरवत, उत्तरासकट, आणि ती खाली सही करी. चुकायला कुणाला मिळतच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मायलेकी लॅबच्या दारात उभ्या. शिपाई पंचाक्षरी कुरकुरला, "लाईटबिल येतंय मॅडम. संस्थेच्या सायबांनी बंद ठेवा म्हणलंय."

"उघड. नाहीतर तू आणि मी दोघंही घरी बसू."

धुळीची कव्हरं निघाली. बऱ्याच खटपटीनंतर एक कंप्युटर सुरू झाला. लुबनानं सांगितलं तसं ऋतुजानं लिहिलं, चालवलं. पडद्यावर चूक दाखवणारी लाल ओळ आली. चटका बसल्यासारखा तिनं हात मागं घेतला.

"गेलं?"

"काही गेलं नाही. कुठली ओळ म्हणतंय, बघ."

पोरीनं बराच वेळ बघितलं. बेरीज करायला सांगितलं होतं, आकडे द्यायचे राहिले होते. दिले; उत्तर आलं. मग तिनं मुद्दाम एक आकडा काढून टाकला. पुन्हा लाल ओळ. ऋतुजा हसली. लेकीचं हसू बघून तारामतीनं तोंड फिरवून डोळ्यांना पदर लावला, पण बोलताना आवाज कोरडाच.

"ही खोली रोज उघडती का?"

पंचाक्षरी छताकडं बघायला लागला. खोटं बोलायचं त्राण लुबनात नव्हतं. "नाही उघडत. टी.सी. देऊ नका हवं तर."

"आता रोज उघडताव का, ते सांगा."

लुबनानं पंचाक्षरीपुढं हात पसरला. "किल्ली."

"सायेब?"

"सायबांना वर्ग पाहिजे ना? मग किल्ली दे."

त्यानं दिली. तारामतीनं पिशवीतून टी.सी. काढली. "दात झिजल्यात," ती म्हणाली, "पन चालतंय."

कागद आणि किल्ली लुबनानं पर्समध्ये टाकली. तास मिळाले. आता रोज कुलूप काढायचं, रोज साहेबांशी भांडायचं, आणि शिकवायचंही खरोखरचं. ती खुर्चीत टेकली, डोळे मिटले.

"मॅडम," ऋतुजानं हाक मारली, "परत चुकलं. बघा की."

लुबना उठली.