पुजारी गावाला गेला की

गाणगापुरात माझा लॉज आहे. अनोळखी यात्रेकरूला त्याच्या पुजाऱ्यानं ओळखलं, तरच मी खोली देते.

नात इस्पितळाचा डेटाबेस सांभाळते, घरूनच. परवा ती रडकुंडीला आली.

"आज्जी, आमचा सर्व्हर आता पासवर्ड स्वतःजवळ ठेवत न्हाई. दुसऱ्या सर्व्हरला विचारून माणसं आत सोडतो. तो दुसराच बंद पडलाय. डॉक्टरांना पेशंटची माहिती दिसंना. मलाबी आत जाता येईना."

"पुजारी गावाला गेला म्हणून मी माझ्याच लॉजबाहेर बसू व्हय? तुझी तरी ओळख तुमच्याच सर्व्हरजवळ ठेवायचीस."

ती थबकली. "माझं जुनं खातं तिथं होतं. पुसायचं राहिलंय!"

त्या खात्यातून ती आत गेली आणि डॉक्टरांनाही तात्पुरतं आत घेतलं.

"आता तरी पुसू नकोस," म्हणत मी चहा टाकला.