हातावरचा तारा

आमच्या गल्लीत बालवाडी चालवणाऱ्या बाईंना सगळे चिकटबाई म्हणतात. अगदी तोंडावर. त्यांना राग येत नाही, मला येतो. पण नावाला कारण आहे. बाईंच्या बाहीला, पिशवीला, चष्म्याच्या डबीला कायम एखादा स्टिकर चिकटलेला.

खाऊच्या आधी जे पोर साबणानं हात धुईल, त्याच्या पंजावर बाई चमकीचा तारा लावतात. "घरी दाखवायचा हं!" दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न ठरलेला, "काल कोणी पाहिला?" मग हा गलका! आईनं, आजोबांनी, काकूनं. एकाच्या तर कुत्र्यानं. बाई सगळं पोटभर ऐकतात. दुपारी वर्गाला कुलूप लावून वरच्या मजल्यावर जातात आणि आपल्या खोलीचं कुलूप काढतात. त्यांना काही विचारणारं तिथं कोणी नाही.

भिंगरी म्हणून एक पोर. जागेवर ठरायची नाही म्हणून हे नाव. तिचं उत्तर रोज नवं. "मावशीनं पाहिला." "मामानं." "पोलिसानं!" बाई हसायच्या. मग अचानक ती हात धुवेना. मूठ आवळून पाठीमागे धरायची. एक दिवस बाईंनी तो हात ओढून पुढे घेतला. तारा काळा पडलेला, कडा वळलेल्या.

"शी! केवढा मळ हा!" बाईंनी तो नखानं खरवडला आणि केरात टाकला.

भिंगरी रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

आठवडाभर वाट बघून बाईंनी मला गाठलं. "तू चल बरोबर. तुझं तोंड चालतं."

मी भांडायच्या तयारीनंच निघाले. पोरीला घरी बसवणाऱ्या बापाला सोलून काढायला मला आवडतं.

बाप ट्रक चालवणारा. सुट्टी होती, दारात बसून मोजे धूत होता.

"पोरीला शाळेत का पाठवत नाहीस रे?"

"अगं ताई, आधी आत तर ये. नरडं कशाला ताणतेस? जातच नाही ती. शेजारीण सोडायला निघाली तर तिला चावली."

"का पण?"

त्यानं मोजा पिळला. "माझंच तोंड नडलं. मी घरी येतो तेव्हा ही झोपलेली असते. सुट्टीलाच काय ती आमची भेट. मागच्या सुट्टीला सहज म्हणून गेलो, हा तारा सांभाळ, पुढच्या वेळी हाच बघणार. आज दाखवायला काही नाही, तर सकाळपासून बोलत नाहीये."

बाई पुढे झाल्या. "आणि मामा, मावशी? ती रोज सांगायची..."

"कुठला मामा, बाई? आम्ही दोघंच आहोत."

भिंगरी दाराआड उभी होती. बाई खाली बसल्या, पिशवीतून नवा तारा काढला.

"नको. तुलाच ठेव."

बाईंनी तो स्वतःच्या हातावर लावला. "बरं. माझ्याकडे असेल. वाटलं तर उद्या ये बघायला."

दुसऱ्या दिवशी मीही मुद्दाम बालवाडीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. भिंगरी आली. बाईंच्या हातावर तारा तसाच होता, पण कडेला पीठ बसलेलं, भोवती मळाची रेघ. त्या हाताला बाईंनी पाणी लागू दिलं नव्हतं.

भिंगरीनं विचारलं, "काल कोणी पाहिला?"

बाई अडखळल्या. "माझ्या... बहिणीनं."

बाईंना बहीण नाही. गल्लीला ठाऊक आहे, भिंगरीला असायचं कारण नव्हतं. पण ती बाईंच्या तोंडाकडे बघतच राहिली. असली उत्तरं तिनं स्वतः दिलेली होती.

मग तिनं बाईंचं बोट धरलं आणि नळाकडे ओढलं. "चल, धू. मळलाय."

दोघींनी हात धुतले. बाईंचा तारा सुटून मोरीत गेला. भिंगरीनं नव्यासाठी आपला ओला हात पुढे केला.

तो प्रश्न बाईंनी पुन्हा कधी विचारला नाही. पोरं आपणहून सांगतात तेवढं ऐकतात, कुलूप लावतात आणि वर जातात.