‘घरी जा’ ही पहिली आरोळी माझी होती

एका कॅमेरावाल्याने मला फसवलं, आणि त्याच्या नादी लागून मी माझ्या सख्ख्या भावाला फसवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोल्हापुरात पेठेतल्या लोकांनी यातली दुसरी तेवढी ऐकली आहे. इथे बेंगळुरूत गाव सोडून आलेल्या माझ्यासारख्यांनी नुसता व्हिडिओ बघितला आहे. दोघांसाठीही लिहितो आहे, कारण आता गप्प बसलो तर मी कुणाचं तरी डोकं फोडीन.

मी कोल्हापूर सोडलं तेव्हा माझ्या शर्टावर दुसऱ्याचं रक्त होतं. आमच्याकडे पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात, त्यांच्या स्पर्धेची फायनल होती. दुसऱ्या पेठेतल्या एकाने आमचा झेंडा पायाखाली घेतला आणि मी त्याच झेंड्याचा बांबू ओढून त्याच्या तोंडावर हाणला. गालाचं हाड मोडलं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच्या घरी जाऊन हात जोडले, केस मिटवली आणि मला शर्टसुद्धा बदलू न देता स्टेशनवर आणलं. “हात आवर,” ते म्हणाले. “तिकडं तुला सोडवायला पेठ येणार न्हाई.” आई रडत नव्हती, चिडली होती. “मारायचं हुतं तर हातानं मारायचं. बांबू कशाला घेतलास, मुडद्या?”

धाकटा भाऊ धैर्यशील, आमचा धैर्या, स्टेशनवर आला नाही. त्याचा सराव होता. मला त्याचा राग आला नाही, उलट छाती फुगली. घरात एकाने तरी पायाने नाव काढावं, माझे हात काय करतात ते सगळ्यांनी बघितलंच होतं.

बेंगळुरूत मी चिकपेटेतल्या कापडाच्या दुकानात तागे उचलण्यापासून सुरुवात केली. ‘स्वल्प कम्मी माडी’, म्हणजे थोडं कमी करा, हे माझं पहिलं कन्नड वाक्य. ते इतक्या वेळा ऐकलं आणि इतक्या वेळा म्हटलं की आज माझ्याशी भाव करायला बसलेला माणूस घाम पुसत उठतो. आता महादेवपुऱ्यात माझं स्वतःचं युनिट आहे. आयटी पार्कातल्या संघांचे शर्ट छापतो. ही मुलं जाळीच्या पिंजऱ्यात, प्लॅस्टिकच्या गवतावर खेळतात आणि एकमेकांच्या पायात पाय आला तर ‘सॉरी ब्रो’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. आमच्याकडे सॉरी म्हणणाऱ्याला आधी त्याच्याच तालमीने बडवलं असतं. या मुलांना शर्ट हवे असतात ते युरोपातल्या क्लबांच्या धाटणीचे. आपल्या देशाचा शर्ट सहसा कुणी मागत नाही. मागितलाच तर वर विचारतात, “अंकल, हा घालून फिरलो तर लोक हसतील ना?”

आणि त्याच शर्टात माझा भाऊ खेळत होता. देशाच्या संघात, उजवा बचावपटू.

आता आमची एक रीत सांगतो. कोल्हापूरकर ती जाणतात, बाकीच्यांनी नीट ऐकावी, कारण सगळं त्यावरून पेटलं. आमच्याकडे मैदानाच्या रेषेवर उभं राहून आपण आपल्याच खेळाडूला शिव्या घालतो. दुसऱ्याच्या खेळाडूला कोण कशाला घालवेल एवढा घसा? नाव घेऊन, आईबाप काढून, सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा. पण ज्याने शिवी घातली त्याने सामना संपल्यावर फाटकाशी थांबायचं, त्या खेळाडूच्या खांद्यावर हात टाकायचा आणि त्याला म्हशीचं धारोष्ण दूध पाजायला न्यायचं. हरला असेल तर त्याला सगळ्यात आधी. शिवी घालून पळून जाणाऱ्याला पेठेत कोणी दारात उभं करत नाही.

देशाचा सामना बेंगळुरूत आला. समोरचा देश इतका लहान की माझ्या शेजारी बसलेल्यांनी त्याचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं. माझ्यासोबत अक्का होत्या, बनशंकरीतल्या माझ्या घरमालकीण. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, त्यामुळे त्यांचं मराठी आणि माझं मराठी एकमेकांना ओळखायला आठवडाभर लागला होता. फुटबॉल त्यांना कळत नाही. धैर्याने त्यांच्या घरी दोनदा जेवून भांडी घासली होती, म्हणून त्या आल्या होत्या.

पहिल्या मिनिटापासून लोक हसतच होते. आपल्या पोराने चेंडू अडवला तरी हशा, गेला तरी हशा. मागच्या रांगेत एक जण फोनवर युरोपातला जुना सामना लावून बसला होता आणि मधूनच मान वर करून “बंद करा हे” म्हणत होता. माझ्या मुठी तेव्हापासूनच आवळलेल्या. मग अर्धा सामना उलटल्यावर धैर्या घसरला आणि त्याच्या बाजूने गोल झाला.

मी उभा राहिलो आणि आमच्या रीतीने, पोटातून, ओरडलो, “ए धैर्या! घरी जा! तुझ्यापरास आई बरी खेळंल!”

अक्कांनी माझा शर्ट ओढला. “अय्यो, स्वल्प हळू रे. ह्यांना काय ठावं तुझी पेठ?”

धैर्याने मान वळवली. एवढ्या गर्दीत त्याने बरोबर माझ्याकडे बघितलं. आणि आमच्या रांगेतली पोरं हसत हसत उभी राहिली, “घर जा! घर जा!” खालची रांग, मग बाजूचा स्टँड, मग अख्खं मैदान. हजारो तोंडांतून माझे दोन शब्द. मी ओरडत होतो, “गप बसा, तो माझा आहे,” पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. धैर्या अजून आमच्याच बाजूला बघत उभा होता. वरून पाण्याने भरलेली बाटली आली आणि त्याच्या भुवईवर फुटली. तो गुडघ्यावर बसला. बोटांच्या फटींतून रक्त गळताना दिसलं, तरी आरोळी थांबली नाही. थांबली असती तर माझा हातही थांबला असता.

मागच्या रांगेतला फोनवाला सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. मी खुर्चीवर चढून त्याची गचांडी धरली आणि नाकावर डोकं हाणलं. वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. दुसरा ठोसा उगारला तेव्हा तो रक्त गिळत म्हणाला, “भाई, शुरू तो तुमने किया.”

माझा हात वरच राहिला. अक्कांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. वाटेत कुणीतरी माझ्या पाठीत लाथ घातली, मी वळूनसुद्धा बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघ विमानाने निघणार होता. मी थर्मासमध्ये दूध घेऊन देवनहळ्ळीला विमानतळावर गेलो. रीत म्हणजे रीत. धैर्या संघाच्या बसमधून उतरला, भुवईवर टाके, एक डोळा बंद. झाकणातून उभ्याउभ्याच दूध प्यायला.

“म्हशीचं न्हवं हे,” तो म्हणाला.

“पाकिटातलं हाय. इथं हेच मिळतंय.”

“तरीच.” मग झाकण परत देत म्हणाला, “दादा, तुझी शिवी ऐकून बरं वाटलं बघ. म्हटलं, आपलं कुणीतरी हाय इथं. म्हणून तर वळलो. मग सगळीच वरडाय लागली, आन् त्यातला तुझा आवाज कुठला ते कळंना.”

तो आत गेला. काचेच्या दारावर एक ठोसा मारावा असं वाटलं. शेजारी बंदूकधारी उभा होता म्हणून नाही मारला.

त्याच दुपारी कॅमेरावाला माझ्या युनिटवर आला. इंटरनेटवर खेळाची वाहिनी चालवतो, तरुण, गोड बोलणारा. तोवर टीव्हीवर चिरफाड सुरू झाली होती. एक निवेदक विचारत होता की या अकरा जणांच्या विमानाचं तिकीट देश का भरतो. दुसऱ्याकडे घसरलेला धैर्या सबंध दिवस घसरतच होता, फिरून फिरून, खाली हसण्याचा आवाज टाकून. मी म्हटलं, मी बोलतो. पण मी फुकट काही देत नाही, ती माझी जातच नाही. मी अट घातली: माझ्या दुकानाची पाटी मागे स्पष्ट दिसली पाहिजे आणि मी बोलेन ते सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवलं पाहिजे. “पक्का, सर,” तो म्हणाला.

मी अर्धा तास बोललो. पेठ, रीत, दूध, धैर्या पायाचं बोट मोडलेलं असताना कसा खेळला, सगळं. रीत समजावताना ती आरोळी पुन्हा तशीच ओरडून दाखवली.

संध्याकाळी व्हिडिओ आला. त्यात मी उभा, लालबुंद, ओरडतोय: “घरी जा! तुझ्यापरास आई बरी खेळंल!” बस. वर मथळा, की सख्खा भाऊही म्हणतो, हाकला याला. मागे माझी पाटी, एकेक अक्षर स्पष्ट. तेवढी अट त्याने पाळली होती.

आप्पांचा फोन आला. “तू बोललास?”

“आप्पा, पुढचं त्यांनी कापलं...”

“बोललास का, एवढंच इचारलं.”

“बोललो.”

त्यांनी फोन ठेवला. आईच्या हातात काच घुसली हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. आमच्याच पेठेत, आमच्याच घरावर दगड आले. तालमीच्या दारात देशासाठी खेळलेल्या पोराचा फोटो लावला होता, त्याच्या तोंडावर कुणीतरी डांबर फासलं. भावालाच नको झाला तर आम्ही कशाला मिरवू, असं म्हणत होते म्हणे.

धैर्याचा एकच मेसेज आला. ‘दादा, ही पण पेठेचीच रीत का?’ त्यानंतर फोन बंद. पुढच्या शिबिराला येत नाही असं त्याने संघाला कळवलंय, हे मी पेपरच्या वेबसाइटवर वाचलं. त्याखाली वाचकांनी टाळ्यांची चित्रं टाकली होती.

मी कॅमेरावाल्याच्या ऑफिसात गेलो. त्याचा कॅमेरा उचलून भिंतीवर आपटला, त्याला टेबलावर दाबून धरला. माझ्या पंजाखाली त्याच्या गळ्याची शीर उडत होती आणि तरी तो म्हणाला, “सर, तुमच्या दुकानाचं नाव घराघरांत गेलं. ऑर्डर आल्या असतील ना?” रखवालदारांनी मला ओढून जिन्यावरून खाली ढकललं.

ऑर्डर आली होती, हे त्याहून वाईट. आयटी पार्कातल्या एका संघाचा पोरगा आला, त्याला पंधरा शर्टांवर पाठीमागे ‘घर जा’ छापून हवं होतं. “सगळे मजेत घेतील, अंकल.” मी कात्री उचलली. तो पळाला म्हणून वाचला, मीही वाचलो. अक्का त्या रात्री जेवताना म्हणाल्या, “मारून तुझा भाऊ मैदानात येतोय का रे? ज्यांना सांगायचं त्यांना सांग की.”

तर सांगतो. इतकी वर्षं मला वाटायचं की घर म्हणजे जिथून मला शर्टावरच्या रक्तासकट हाकललं ते. किंवा बनशंकरीतली ही खोली, जिथे अक्का माझ्यासाठी ताट वाढून ठेवतात. आता मला घराची एकच खूण पटते. जिथे माणूस आपल्या तोंडाने बोललेलं आणि आपल्या हाताने केलेलं नाकारू शकत नाही, ते घर. बाटली फेकणारा मला कधीच सापडणार नाही, त्या गर्दीला नाव नव्हतं. पण पेठेत प्रत्येकाला नाव आहे. डांबराचा डबा कुणी आणला, ब्रश कुणी धरला, कोण शेजारी उभा राहून बघत होता, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

पहिली आरोळी माझी. ती मी मान्य केली, माझ्याच तोंडाने, सगळ्यांसमोर. या रविवारी मी तालमीच्या दारात येतोय. रॉकेल आणि चिंध्या घेऊन येतोय, धैर्याच्या तोंडावरचं डांबर मी माझ्या हाताने पुसणार आहे. ज्याने ते फासलं त्याने तिथे यावं, आणि माझ्या आईच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघून सांगावं, का फासलं. कोण आहे तो? बोला.