सुनीतीचे जलद हात

बेहाल्याला ट्राम डेपोच्या मागच्या गल्लीत ताटक्यांचं बिऱ्हाड होतं. विनायकराव ताटके केंद्र सरकारच्या आकडेवारी खात्यात होते. नागपूरहून बदली होऊन आले ते कलकत्त्यातच रमले. त्यांची एकुलती मुलगी सुनीती बंगाली शाळेत जायची. मराठी बोलायची ती घरात, आणि तेही अडखळत.

सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात एका शनिवारी विनायकराव खात्याचे तक्ते घेऊन शहराच्या उत्तरेकडच्या एका गणनकेंद्रात निघाले. आई माहेरी गेलेली, म्हणून अकरा वर्षांच्या सुनीतीलाही त्यांनी बरोबर घेतलं. तिथे काचेपलीकडच्या थंडगार खोलीत कपाटाएवढाली संगणक-यंत्रं घरघरत होती. काचेच्या अलीकडे सरलादी नावाच्या बाई टाइपरायटरसारख्या यंत्रावर बसून जाड कार्डांना बारीक चौकोनी भोकं पाडत होत्या.

“हे काय लिहिताय?” सुनीतीनं बंगालीत विचारलं.

“नाव काय तुझं?” म्हणत सरलादींनी खटाखट बोटं चालवली आणि एक कार्ड तिच्या हातात दिलं. “हे बघ. आता ते यंत्र तुझं नाव वाचू शकेल.”

आकड्याला एक भोक, अक्षराला दोन. कुठलं कुठे, ते सरलादींनी एका कागदावर लिहून दिलं. घरी पोहोचेपर्यंत सुनीतीचं ते पाठ झालं होतं. पुढे विनायकराव अधूनमधून टाकाऊ कार्डं आणत. मैत्रिणी गोष्टीची पुस्तकं वाचत, तशी ही खिडकीपाशी बसून ती कार्डं उजेडासमोर धरून वाचत बसे.

कॉलेजात तिनं गणित घेतलं. ते दिवस नक्षल चळवळीचे, बॉम्बस्फोटांचे आणि बंदचे. परीक्षा दोन-दोनदा पुढे ढकलल्या जात. कॉलेज बंद असलं की ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची. कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवर त्या विषयाचं जुनं पुस्तक मिळालं होतं, पण चालवून बघायला यंत्र कुठलं? मग वहीत स्वतःच पायरीपायरीनं आकडेमोड करून उत्तर काढायची. शैलाताईंना, म्हणजे तिच्या आईला, काही कळायचं नाही. “पोरगी यंत्राचं काम स्वतःच करत बसते,” त्या म्हणायच्या.

पंचाहत्तर साली एस्प्लनेडजवळच्या एका कंपनीत तिला कार्डांना भोकं पाडायची नोकरी मिळाली. प्रोग्रॅम लिहिणारे तिथल्या काचेच्या भिंतीपलीकडे बसत. दोन वर्षांनी कंपनीची परीक्षा देऊन तिकडे जाता येतं, असं मुलाखतीत सांगितलं होतं. सुनीतीला वाटलं, दारात तर आले, आता आत जायला कितीसा वेळ!

कार्डं पाडायच्या खोलीत चौदा बायका बसत. धूळ नको म्हणून खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या. दाराशी पर्यवेक्षक श्यामसुंदरबाबूंचं टेबल; पाणी प्यायला उठायचं तरी त्यांना सांगून. लोडशेडिंग झालं की यंत्रं थांबत, पंखे थांबत आणि चौदाजणी अंधारात घाम पुसत बसून राहत. वीज कधी येईल याचा नेम नसे, म्हणून बाहेर जायची परवानगी नव्हती.

सुनीतीचे हात भराभर चालायचे, आणि चूक जवळजवळ नाहीच. हेच तिच्या मुळावर आलं. परीक्षेच्या अर्जावर पर्यवेक्षकांची सही लागे. दोन वर्षं भरल्यावर तिनं अर्ज पुढे केला, तर श्यामसुंदरबाबू हसले. “तुला सोडलं तर महिनाअखेरचं काम कोण काढणार? तुझ्यासारखे हात मला कुठे मिळणार, सांग?”

सहा महिन्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्यांनी अर्ज वाचलाही नाही.

घरी विनायकराव म्हणाले, “कायमची नोकरी आहे, सुनीती. थोडी कळ काढ.”

“किती, बाबा? त्यांचे प्रोग्रॅम मी दिवसभर पाडते. चूक कुठे आहे ते मला त्यांच्याआधी दिसतं. आणि मी फक्त कागदावर आहे तेवढंच पाडायचं!”



त्यानंतर सुनीती हळू झाली. मुद्दाम. बोटं यंत्रावर ठेवून मनात आकडे मोजायची आणि मगच पुढचं अक्षर दाबायची. आपल्याला येणारी गोष्ट येत नसल्यासारखी करायची, हे तिला भलतंच जड गेलं. श्यामसुंदरबाबू आधी चकित झाले, मग चिडले. “हात बिघडले तुझे,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. तिची वार्षिक पगारवाढ रोखली गेली. तिचं उरलेलं काम शेजारच्या लीना घोषकडे जाऊ लागलं. पाचव्या महिन्यात लीना मनगटाला पट्टी बांधून आली.

“तुला बरं नाही का गं?” लीनानं विचारलं.  खरं सांगायचं सुनीतीला धाडस झालं नाही, आणि हात जलद करायचंही नाही.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात श्यामसुंदरबाबूंनी तिच्या अर्जावर सही केली. “जा तिकडे. इथे तरी तुझा काय उपयोग आहे!” परीक्षेत ती पहिली आली आणि काचेपलीकडे बसू लागली.

पहिल्याच आठवड्यात तिनं हातानं कागदावर लिहिलेला प्रोग्रॅम कार्डांवर पाडायला अलीकडच्या खोलीत गेला. दुपारी कार्डांचा गठ्ठा घेऊन लीना स्वतः आली.

“तू ते मुद्दाम करत होतीस ना?” तिनं शांतपणे विचारलं.

“हो.”

“मला सांगायचंस. मी गप्प राहिले असते.” गठ्ठा टेबलावर ठेवून लीना निघाली. मग दाराशी थांबून म्हणाली, “तुझं अक्षर मोठं काढत जा. तिथे उजेड कमी असतो.”

सुनीतीनं त्या दिवशी उरलेली पानं फाडून पुन्हा लिहायला घेतली.